घरातील जुन्या कागदपत्रांसाठी आणि नक्षीच्या ग्राफसाठी स्वस्त फ्लॅटबेड स्कॅनर पुरेल का?

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझे वडील चादरीच्या कारखान्यांसाठी नक्षी काढून देत असत. ग्राफ कागदावर पोस्टर रंगांनी चौकटी भरून केलेल्या त्यांच्या मूळ नक्ष्या आजही घरात गुंडाळून ठेवलेल्या आहेत. त्यांच्यासोबत जागेचे जुने खरेदीखत, फेरफाराच्या नकला, आईच्या नोकरीचे कागद आणि काही कृष्णधवल छायाचित्रे एकाच पेटीत आहेत. खरेदीखताच्या घड्यांवर कागद विरू लागला आहे, त्यामुळे आणखी उशीर करणे मला योग्य वाटत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात एवढे मूळ कागद सोडून यायला मन तयार होत नाही. मोबाईलने काढलेल्या प्रती वाचता येतात. परंतु ग्राफच्या रेषा कडेला वाकतात आणि माझ्याच हाताची सावली कागदावर पडते. पाच-सहा हजार रुपयांच्या आतला, यूएसबीवर चालणारा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर कागद ठेवायचा स्कॅनर घ्यावा असा विचार आहे. अशा यंत्राचे काम टिकाऊ म्हणता येईल का, किती डीपीआय (एका इंचात टिपले जाणारे ठिपके) ठेवावा, आणि ए४ काचेवर न मावणाऱ्या स्टॅम्प पेपरचे व मोठ्या ग्राफचे काय करावे, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

दप्तरखाना

आपल्या कामासाठी स्वस्त फ्लॅटबेड निश्चित पुरेल, मात्र त्याची एक मर्यादा आधी समजून घ्यावी. कॅननचा लाइड ३०० किंवा एप्सनचा परफेक्शन व्ही ३९ यांसारख्या यंत्रांत सीआयएस पद्धतीचा सेन्सर असतो. तो काचेच्या अगदी खालून, कागदाला जवळजवळ चिकटून सरकतो आणि लाल, हिरव्या व निळ्या एलईडीच्या प्रकाशात एकेक ओळ टिपत जातो. आरसे, मोठे भिंग आणि मोठा दिवा नसल्यामुळेच हे यंत्र पातळ, हलके आणि केवळ यूएसबीच्या विजेवर चालणारे होते. पण त्याच कारणाने काचेपासून थोडा जरी उचललेला भाग असला, तरी तो अंधूक येतो. जाड बांधणीच्या वहीचा मधला भाग किंवा खरेदीखताची ताठ उभी राहिलेली घडी अशा ठिकाणी हे लगेच जाणवते. आरसे आणि मोठे भिंग वापरणाऱ्या महागड्या सीसीडी पद्धतीच्या स्कॅनरला एवढी अडचण येत नाही.

म्हणून खरे काम स्कॅन करण्याच्या आधीचे आहे. घडीचे कागद उलगडून, दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये ठेवून, त्यावर जड ग्रंथ ठेवावेत आणि काही दिवस तसेच राहू द्यावेत. विरलेल्या घडीला सेलोटेप कधीही लावू नये. तिचा गोंद पुढे पिवळा पडून अक्षरे खातो. लॅमिनेशनचाही मोह टाळावा, कारण ते पुन्हा काढता येत नाही.

मजकुराच्या कागदांना ३०० डीपीआय पुरेसा आहे, छायाचित्रांना ६०० ठेवावा. खोक्यावर छापलेल्या ४८०० या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. ए४ आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयला, फाइल कॉम्प्रेस न करता, सुमारे २६ एमबीचे होते. तेच पान ४८०० ला साडेसहा जीबीच्याही पुढे जाईल आणि कागदावर नसलेले एक अक्षरही त्यात अधिक दिसणार नाही.

खरेदीखत काळ्या-पांढऱ्या पर्यायात मुळीच स्कॅन करू नये. त्या पर्यायात यंत्र प्रत्येक ठिपका एकतर काळा ठरवते किंवा पांढरा, आणि फिकट जांभळा गोल शिक्का, पेन्सिलीची खूण किंवा पुसट अंगठा त्यात नाहीसा होतो. रंगीतच घ्यावे. आणि प्रत्येक पानाची मागची बाजूही घ्यावी, कारण नोंदणीचे शेरे, दस्त क्रमांक आणि तारीख बहुधा पाठीमागेच असतात. घाईत नेमके तेच राहून जाते. कागद पातळ असून मागची अक्षरे पुढे उमटत असतील, तर त्याच्या पाठीशी काळा कार्डशीट ठेवून झाकण लावावे. पान किंचित गडद येते, पण उमटणे बरेच कमी होते.

लांब स्टॅम्प पेपर दोन भागांत घ्यावा आणि दोन्ही भागांत मधल्या चार-पाच ओळी सामाईक ठेवाव्यात. ते जोडले नाहीत तरी चालते. दोन्ही भाग एकाच पीडीएफमध्ये पाठोपाठ ठेवले की वाचणाऱ्याचे काम होते.

मागाजवळचा

मी केवळ नक्ष्यांविषयी लिहितो, कारण मला त्या आपल्या पेटीतील सर्वांत मोलाच्या वस्तू वाटतात. खरेदीखताची नक्कल सरकारी दप्तरात मिळू शकते. वडिलांच्या हातच्या ग्राफची दुसरी प्रत जगात कोठेही नाही.

जॅकार्डच्या, म्हणजे मागावर पंच केलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, ग्राफमध्ये उभी प्रत्येक रांग ताण्याच्या धाग्याची आणि आडवी प्रत्येक ओळ बाण्याच्या एका फेऱ्याची असते. त्या आडव्या ओळीवरूनच एकेक पुठ्ठ्याचे कार्ड पंच होत असे. म्हणजे तो कागद नुसता पाहण्याचा नाही, मोजण्याचा आहे. मोबाईल थोडा तिरका झाला की चौकटी एका बाजूला अरुंद होतात आणि मोजणी बिघडते. फ्लॅटबेडवर कागद सपाट राहतो, माप जसेच्या तसे येते, आणि नंतर मूळ आकारात छापले तरी चौकटीला चौकट जुळते. आपल्या कामासाठी स्कॅनर घेण्याचे माझ्या मते हेच सर्वांत भक्कम कारण आहे.

मोठा ग्राफ तुकड्यांनी घ्यावा लागेल. झाकण पूर्ण काढता येत असेल तर ते काढावे, म्हणजे कागद काचेबाहेर सपाट पसरतो. बाहेरच्या भागाला आधार म्हणून काचेच्याच उंचीची पुस्तके शेजारी मांडावीत. सॉफ्टवेअरमधील आपोआप उजेड व रंग सुधारण्याचा पर्याय आठवणीने बंद करावा. तो चालू राहिला तर ज्या तुकड्यात गडद तांबडा अधिक आहे तो एका छटेत आणि ज्यात पांढरा अधिक आहे तो दुसऱ्याच छटेत येतो, आणि मग एकाच मोराची मान व पिसारा वेगळ्या रंगांचे दिसू लागतात. दोन तुकड्यांत तीन-चार सेंटिमीटरचा भाग सामाईक ठेवावा. जोडण्यासाठी हगिन किंवा गिंप ही मोफत सॉफ्टवेअर चालतात, आणि ग्राफच्या रेषाच जुळवणीला आधार देतात.

पोस्टर रंग जुना झाला की भुकटी होऊन सुटतो. कागद काचेवर सरकवू नये; उचलावा आणि ठेवावा. प्रत्येक तुकड्यानंतर काच पाहावी, कारण मागच्या जागी पडलेला रंगाचा कण पुढच्या तुकड्यात नक्षीचा ठिपका म्हणून उतरतो. हे काम झाल्यावर ग्राफ पुन्हा गुंडाळू नयेत, शक्य असल्यास सपाट फाइलमध्ये ठेवावेत.

पूर्वभागकर

दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. एका नातेवाइकांच्या बंद झालेल्या कार्यालयातील जुना, जड सीसीडी स्कॅनर मला मोफत मिळतो आहे, तो घ्यावा का? आणि दोन छायाचित्रे फ्रेमच्या काचेला आतून चिकटली आहेत. ती ओली करून सोडवावीत असे एकाने सुचवले आहे.

जुळे सोलापूर

छायाचित्रे कृपया ओली करू नयेत आणि ओढूही नयेत. चिकटलेला थर काचेवरच राहतो आणि चेहरा जातो. काचेसकट सीआयएस स्कॅनरवर ठेवल्यास ती अंधूक येतील, कारण मधल्या काचेच्या जाडीमुळे छायाचित्र सेन्सरपासून दूर जाते. नेमक्या अशा कामाला सीसीडी उपयोगी पडतो, म्हणून नातेवाइकांचे यंत्र नाकारण्याआधी तपासून पाहावे.

तपासताना पहिला प्रश्न ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकाला ते यंत्र चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. बऱ्याच जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजसाठी कधी निघालेच नाहीत. लिनक्सवरील सेन ही मोफत प्रणाली किंवा व्ह्यूस्कॅन हे विकतचे सॉफ्टवेअर जुनी यंत्रे बऱ्याचदा चालवते; दोन्हींच्या संकेतस्थळांवर मॉडेलची यादी असते, तीत आपले मॉडेल पाहून मगच यंत्र घरी आणावे. नेताना तळाशी किंवा बाजूला कुलपाची खूण असलेली कळ आहे का ते पाहावे. ती वाहतुकीत सेन्सरची गाडी अडकवून ठेवते, आणि घरी ती सोडल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

यंत्र नवे असो वा जुने, आपल्याकडच्या धुळीपासून त्याला जपावे लागते. मार्चपासून खिडकी उघडी राहिली की टेबलावर थर बसतो, हे आपण जाणताच. सेन्सर सुरुवातीला ज्या पांढऱ्या पट्टीवर स्वतःचे माप जुळवतो, तेथे एक कण बसला तरी प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ उमटते आणि लोक यंत्र बिघडले असे समजतात. काम संपले की कापड टाकावे. काच पुसताना द्रव फडक्यावर घ्यावा, काचेवर फवारू नये.

खरेदीखताबाबत एक लक्षात ठेवावे, की स्कॅन मूळ दस्ताची जागा घेत नाही. परंतु नोंदणीकृत मूळ दस्त पुढे हरवला, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मागता येते, आणि त्या अर्जासाठी दस्त क्रमांक व वर्ष हाताशी असले की शोध फार सोपा होतो. म्हणून फाइलचे नावच वर्ष, दस्त क्रमांक आणि गावाचे नाव असे ठेवावे. मूळ मोठी फाइल तशीच जपून, ऑनलाइन अर्जांना लागणारी लहान प्रत तिच्यावरून वेगळी करावी, आणि सगळ्या संचाची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती वेगळ्या घरी, बहिणीकडे किंवा भावाकडे, ठेवून द्यावी.