समुद्रकिनाऱ्यावर कुत्रे: काउन्सिलला काय कळवायचं?

प्रेषक: अनिकेत (अल्टोना)
विषय: उन्हाळी सहल आणि कुत्र्यांचा नियम

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या उन्हाळी सहलीची मेल वाचली. स्थळाखाली "कुत्रे आणू नयेत" असं लिहिलंय. नियम काउन्सिलचा (स्थानिक नगरपालिकेचा) आहे, सहल समितीचा नाही, हे मान्य. पण त्यानिमित्ताने एक विषय काढतो.

इथे व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक काउन्सिलला दर 4 वर्षांनी पाळीव प्राण्यांचा आराखडा नव्याने करावा लागतो आणि त्यासाठी रहिवाशांची मतं मागवली जातात. आमच्याकडे ती सध्या मागवली आहेत. किनाऱ्यावर कुत्रे कुठे, किती वाजता, पट्ट्याने की मोकळे, हा त्यातला मोठा भाग. आपण मंडळातर्फे काही कळवावं का?

माझं मत स्पष्ट आहे: बंदी कमी करा. साधारण नोव्हेंबर ते मार्च बे-वरच्या, म्हणजे मेलबर्नच्या पोर्ट फिलिप उपसागरावरच्या, बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसभर कुत्र्यांना मनाई असते. नेमके तेच महिने इथल्या उन्हाळ्याचे, बाहेर पडण्याचे.

बाबा गेल्यावर आई सांगलीहून आमच्याकडे आली. इंग्रजी येत नाही, गाडी चालवत नाही, आम्ही दोघं दिवसभर कामावर. आमचा कुत्रा लाडू घरात आला आणि आईला बाहेर पडायला कारण मिळालं. अल्टोनाच्या डॉग बीचवर आता तिला निम्मी माणसं ओळखतात. नावं तिला कुत्र्यांचीच माहीत आहेत, पण त्या माणसांशी ती हातवारे करून, हसून बोलते. एका इटालियन आजीने तिला घरचे टोमॅटो आणून दिले, हिने लोणच्याची बरणी दिली. कुत्र्यावर बंदी घालताना आपण कोणाला घरात बसवतो, याचाही विचार व्हावा.

– अनिकेत

---

प्रेषक: प्राची (पॉइंट कुक)
विषय: Re: उन्हाळी सहल आणि कुत्र्यांचा नियम

अनिकेत, काकूंबद्दल वाचून खरंच बरं वाटलं. पण दुसरी बाजूही लिहायला हवी.

गेल्या उन्हाळ्यात आमची धाकटी पाण्याच्या कडेला बादली भरत बसली होती. एक मोठा कुत्रा धावत आला आणि तिच्या अंगावर पाय ठेवून उभा राहिला. चावला नाही, ओरखडाही नाही. मालक लांबून हसत ओरडत होता, "तो काही करत नाही, खेळतोय!" ती मात्र तेव्हापासून वाळूत उतरत नाही, माझ्या कडेवरून किनारा बघते. तो कुत्रा काही करत नाही हे त्याच्या मालकाला ठाऊक, तीन वर्षांच्या मुलीला कसं ठाऊक असणार?

मला सरसकट बंदी नको. पण जिथे मुलं पोहतात तिथे दिवसा कुत्रे नसावेत आणि इतर वेळी पट्टा असावा. "हाक मारली की येतो" हे मी आता ऐकून घेणार नाही.

– प्राची

---

प्रेषक: सुहास (वेरिबी)
विषय: Re: Re: उन्हाळी सहल आणि कुत्र्यांचा नियम

प्राचीला अनुमोदन. शिवाय घाणीचं बघा. पिशवी बांधून ती झुडपाखाली ठेवून जाणारे लोक मी रोज सकाळी पाहतो. मोठा पाऊस झाला की एक-दोन दिवस बे-मध्ये पोहू नका असं ईपीए (राज्याची पर्यावरण संस्था) सांगते, कारण रस्त्यावरची सगळी घाण पावसाच्या नाल्यांतून तिथे येते आणि कुत्र्यांची विष्ठा त्यात असते. अर्थात ती नुसती किनाऱ्यावरची नाही, आपल्या गल्लीतलीही असते. तेव्हा नियम करायचा तर पिशवी उचलण्याचा कडक करा. तो बारा महिने आणि सगळीकडे हवा.

– सुहासकाका

---

प्रेषक: वृंदा (जिलाँग)
विषय: कोणता किनारा, हे आधी ठरवू

नमस्कार,

तिघांचंही वाचलं. मला यात एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती जरा सविस्तर सांगावी लागेल.

आपण "किनारा" म्हणतोय तो एक नाही. बे-चा किनारा वेगळा आणि बास सामुद्रधुनीकडचा, ज्याला इथे बॅक बीच किंवा सर्फ बीच म्हणतात, तो वेगळा. बे-वर प्रश्न मुख्यतः माणसामाणसांतला आहे. प्राचीची मुलगी आणि अनिकेतची आई, दोघींना जागा हवी, आणि ती वेळा वाटून देता येते. समुद्राच्या बाजूला मात्र वाळूवर कोणाचं तरी घर असतं.

मी उन्हाळ्यात सर्फ कोस्टवर हूडेड प्लोव्हरच्या घरट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर जाते. छोटा पक्षी आहे. डोकं काळं, मानेवर पांढरा पट्टा, डोळ्याभोवती लाल कडं, चोच लाल आणि टोकाला काळी. 2014 पासून पूर्व ऑस्ट्रेलियातला हा पक्षी केंद्राच्या कायद्याखाली धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. झाड नाही, झुडूप नाही, भरतीच्या रेघेच्या जरा वर, उघड्या वाळूत उथळ खळगा करून तो दोन-तीन अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूसारखाच. जवळ उभं राहून कोणी बोट दाखवलं तरी पटकन दिसत नाहीत. विणीचा हंगाम ऑगस्ट ते मार्च, म्हणजे ऐन नाताळच्या सुट्टीत, जेव्हा सगळं मेलबर्न किनाऱ्यावर लोटतं.

नर-मादी आळीपाळीने साधारण 28 दिवस अंड्यांवर बसतात. पिल्लू बाहेर आलं की काही तासांत चालायला लागतं. आई-बाप त्याला भरवत नाहीत, फक्त राखण करतात, कापसाच्या बोळ्याएवढ्या त्या जिवाला स्वतः पाण्याच्या कडेला जाऊन खावं लागतं. उडायला आणखी 35 दिवस. एवढा काळ ते सगळ्यांच्या पायांखाली असतं.

आता पट्ट्याचं. मलाही आधी वाटायचं की पट्टा असला म्हणजे झालं. मग एका सकाळी दुर्बिणीतून जे पाहिलं ते सांगते. मादी अंड्यांवर होती. एक गृहस्थ कुत्रा घेऊन आले. माणूस सज्जन, कुत्रा शांत, पट्टा आखूड धरलेला, पाटी वाचून ते मुद्दाम पाण्याच्या कडेने चालले होते. कुत्रा बराच लांब असतानाच मादी उठली, मान खाली घालून वाळूच्या उंचवट्याआडून पळत सुटली आणि घरट्यापासून दूर जाऊन उघड्यावर उभी राहिली, नजर आपल्याकडे वळावी म्हणून. ते गृहस्थ पुढच्या वळणाआड गेले तरी ती परतली नाही. दोन पावलं यायची, थांबायची, पुन्हा मागे जायची. अखेर घरट्याशी पोचली तोवर दुसरा कुत्रा आला. तोही पट्ट्यालाच.

त्या सकाळी कोणीही नियम मोडला नाही. पण जानेवारीच्या उन्हात वाळू तापलेली, अंडी उघडी. उन्हात अंड्यातला जीव तसाच मरतो. वर सीगल आणि कावळे टपलेले असतातच. एकट्या माणसाला पाहूनही पक्षी उठतो, पण कुत्र्याला तो जास्त बिचकतो, कारण त्याच्या लेखी तो शिकारी आहे.

म्हणून 2016 मध्ये मॉर्निंग्टन पेनिन्सुला नॅशनल पार्कात कुत्र्यांना पूर्ण बंदी झाली. त्याआधी तिथे काही ठिकाणी, ठरावीक वेळांत, पट्ट्याने कुत्रे नेता येत होते. लोक खूप चिडले होते. पिढ्यान्‌पिढ्या कुत्रा घेऊन जाणारी माणसं होती, त्यांचं चिडणं मी समजू शकते. तरी निर्णय बरोबरच होता.

मी मूळची गुहागरची. आमच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कोल्हे आणि गावातली कुत्री वास काढत येऊन घरटी उकरायची, माणसंही अंडी न्यायची. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं. तिथे उपाय सापडला: अंडी अलगद काढायची, कुंपणाच्या आत तसाच खड्डा करून ठेवायची आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. कासवमित्र आज कोकणात गावोगावी हे काम करतात.

तो उपाय इथे का चालत नाही, हे मला बरेच जण विचारतात. कासवीण अंडी घालून निघून जाते, पुढचं काम वाळूची ऊब करते. प्लोव्हरच्या अंड्यांना आई-बापच लागतात, ऊब द्यायलाही आणि सावली धरायलाही. ती हलवता येत नाहीत. दोरी बांधतो, पाट्या लावतो, पिल्लांना लपायला लाकडी फळ्यांचे छोटे आडोसे ठेवतो. त्यापुढे आमच्या हातात काही नाही. उरतं ते माणसांनी तिथे कुत्रा न नेणं. वेळासच्या कुत्र्यांना मालक नव्हता, कुंपण घालण्यावाचून इलाज नव्हता. इथल्या प्रत्येक कुत्र्याला मालक आहे आणि त्याला वाचता येतं.

माझं म्हणणं एवढंच: जिथे घरटी होतात त्या किनाऱ्यांवर ऑगस्ट ते मार्च कुत्रा पट्ट्यानेही नको. आणि त्याच पत्रात दुसरी मागणी हवी, की बे-वर कुत्र्यांसाठी जागा वाढवा. ब्रायटनला सँडाउन स्ट्रीटवर कुंपण असलेला, बारमाही मोकळा बीच आहे, तसे पश्चिमेकडे आणखी करा. जवळ सोय नसली की लोक गाडी काढून लांबच्या निर्जन किनाऱ्यावर जातात, आणि निर्जन किनारा म्हणजेच घरट्यांचा किनारा. नुसती बंदी मागितली तर मी सही करणार नाही.

– वृंदा

---

प्रेषक: अनिकेत
विषय: Re: कोणता किनारा, हे आधी ठरवू

वृंदाताई, हे मला माहीत नव्हतं. घरट्यांच्या किनाऱ्याबद्दल तुमचं पटलं. लाडूला घेऊन आम्ही टॉर्कीच्या पुढे जातो, यापुढे हंगामात जाणार नाही.

तरी एक मनात येतं. कोल्हा इथे माणसाने आणून सोडला, तो रात्री येऊन अंडी, पिल्लं सगळं खातो. वाळूवरून घोडे जातात, गाड्या जातात. सगळ्यात सोपं लक्ष्य कुत्रेवाला, कारण तो समोर दिसतो. आणि वॉर्नम्बूलचं उदाहरण तुम्हाला माहीतच असेल. तिथल्या किनाऱ्याजवळच्या मिडल आयलंड या बेटावर ओहोटीच्या वेळी कोल्हे चालत जायचे. 2005 पर्यंत तिथे दहासुद्धा पेंग्विन उरले नव्हते. 2006 पासून मारेम्मा जातीचे कुत्रे राखणीला ठेवले आणि वसाहत पुन्हा उभी राहिली. कुत्र्याने पक्षी वाचवले, हेही पत्रात यावं.

अल्टोना, पॉइंट कुकच्या बाजूला घरटी नाहीत ना? मग इथे तरी मोकळीक मागू या.

– अनिकेत

---

प्रेषक: वृंदा
विषय: Re: Re: कोणता किनारा, हे आधी ठरवू

अनिकेत,

घोडे आणि गाड्या यांच्याबद्दल तू म्हणतोस ते शंभर टक्के खरं, पत्रात घालू. कोल्ह्यांचं नियंत्रण पार्कवाले करतात, तेही वाढवायला हवं.

वॉर्नम्बूलचे कुत्रे मला फार आवडतात. पण ते लहानपणापासून राखणीसाठीच तयार केलेले, पेंग्विनला आपला कळप मानणारे. मारेम्मा ही इटलीतली मेंढ्या राखणारी जात आहे. आपल्याकडचे धनगरी कुत्रे आठव. लाडू गुणी असेलही, पण प्लोव्हरला तो कोल्ह्याहून वेगळा दिसत नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला मात्र थांबवते. पश्चिमेकडचा बे-चा काठ पक्ष्यांच्या दृष्टीने रिकामा नाही. पोर्ट फिलिपचा पश्चिम किनारा आणि बेलरीन द्वीपकल्प हे 1982 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. त्यातली चीटम वेटलँड्स ही पाणथळ तुझ्या घरापासून जवळच. रेड-नेक्ड स्टिंट नावाचा, मुठीत मावेल असा पक्षी सायबेरियातून तिथे येतो, उन्हाळाभर चिखलात खातो आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा उत्तरेला निघतो. निघण्याआधी त्याला अंगात चरबी साठवावी लागते. ओहोटीच्या चिखलात कुत्रा धावला की सगळा थवा उडतो, आणि प्रत्येक उड्डाणात साठवलेलं थोडं खर्च होतं. कुत्र्याच्या दृष्टीने तो खेळ असतो. मालकही टाळ्या वाजवतात, कारण थवा उडताना फार सुंदर दिसतो.

म्हणून मोकळीक मागताना जागा नेमकी लिहू या. अल्टोनाचा डॉग बीच आहे तसा राहू दे, तिथे दिवे आणि पिशव्यांचे डबे वाढवा. नवीन जागा द्यायची तर वाळूच्या, वस्तीलगतच्या पट्ट्यावर, चिखलाच्या बाजूला नको. पोहण्याच्या किनाऱ्यावर सकाळची वेळ कुत्र्यांना, पुढे दिवसभर मुलांना. प्राची, चालेल का तुला?

आणि अनिकेत, तुझ्या आईचं जे लिहिलंस ते पत्रात जसंच्या तसं घाल. काउन्सिलमधल्या लोकांना पक्ष्यांचं आम्ही सांगतोच. एकट्या पडलेल्या आईचं फारसं कोणी सांगत नाही.

– वृंदाताई

---

प्रेषक: प्राची
विषय: Re: Re: Re: कोणता किनारा, हे आधी ठरवू

चालेल. फक्त "सकाळ" म्हणजे किती वाजेपर्यंत ते लिहा. आम्ही नऊ-साडेनऊला पोचतो. आणि अनिकेत, काकूंना हरकत नसेल तर एकदा लाडूला पट्टा लावून आमच्या अंगणात आणशील का? धाकटीला लांबून बघू दे.

– प्राची

---

प्रेषक: सहल समिती
विषय: पत्राचा मसुदा आणि सहलीबद्दल खुलासा

सर्वांना नमस्कार,

मंडळ म्हणून एकच मत कळवणं आम्हाला योग्य वाटत नाही, सगळ्यांचं एकमत नाही. त्यामुळे पत्र सह्या करणाऱ्यांच्या नावानेच जाईल. अनिकेत आणि वृंदाताई मिळून मसुदा करत आहेत, गुरुवारी रात्रीपर्यंत तो यादीवर येईल. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी आपापल्या काउन्सिलला स्वतंत्र कळवावं. पत्ता आणि मुदत प्रत्येक काउन्सिलची वेगळी असते, आधी तपासून घ्या.

सहलीच्या सूचनेत एक दुरुस्ती: अंध किंवा अपंग व्यक्तींच्या प्रशिक्षित सहाय्यक कुत्र्यांना मनाई नाही. तसा कुत्रा कोणाबरोबर येणार असेल तर आम्हाला कळवा, सावलीची जागा राखून ठेवू.

– सहल समिती