मदत हवी आहे : पायी आणि सायकलवाल्यांच्या सुरक्षेची मोहीम, पैसा कुठून उभा करावा?

नमस्कार मंडळी. आम्ही धाराशिव-लातूर पट्ट्यातली काही शिक्षक आणि तरुण मंडळी. कोजागरीला तुळजापूरला रात्रभर पायी जाणारे भाविक, सरकारच्या मानव विकास योजनेत मिळालेल्या सायकलींवर शाळेला येणाऱ्या मुली, आणि कारखाने सुरू झाले की मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. सगळे एकाच रस्त्यावर! म्हणून सायकली, ट्रॉल्या आणि दिंडीच्या पताकांना रेडियम लावायचं ठरवलंय. पत्रकं कमीच छापू, ती रद्दीत जातात.

अडचण पैशाची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचा सीएसआर निधी (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा पैसा) मागायचा, तर संस्थेची त्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते, आयकराच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्याही लागतात. आमचं मंडळ साधं, यातलं काहीच नाही. एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज केलाय का कुणी? हिशोब कुणाच्या नावावर राहतो? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीपुढे विषय न्यायचा तर अर्ज आरटीओकडे द्यावा की बांधकाम विभागाकडे?

आणखी एक. ट्रॉलीवाले "उद्या लावू" म्हणून टाळतात. कारखान्याच्या गव्हाणीवर (जिथे ऊस गाळपाला टाकतात) रांगेत उभे असतानाच रेडियम चिकटवायला कारखान्याची परवानगी कुणी मिळवली असेल तर कशी, तेवढं सांगा.