नवं रॅप सिंगल ऐकवत नाही आणि सोडवतही नाही. कसं ऐकावं? सल्ला हवा

मध्यलय (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

ज्या रॅपरला गेली नऊ वर्षं मी जीव लावून ऐकतेय, त्याचं नवं सिंगल, म्हणजे अल्बमआधी सुटं आलेलं गाणं, शुक्रवारी आलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा त्याच्या बाजूचे आणि विरोधातले यांच्यात अडकेल, आणि मला सल्ला खरोखर हवा आहे.

त्याची आधीची गाणी म्हणजे सोळा बारांचं (चार-चार मात्रांच्या सोळा घरांचं) भरगच्च कडवं. ओळीच्या शेवटी यमक, पोटात आणखी दोन, आणि चार ओळींपूर्वीचा शब्द वेगळ्याच अर्थाने परत यायचा. मी वही घेऊन बसायचे. नवं सिंगल दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं. निम्मं हुकमध्येच (परत परत येणाऱ्या धृवपदात) जातं, हुकमध्ये तीच चार शब्दांची ओळ, आवाजावर ऑटोट्यून (सूर जागेवर आणणारं सॉफ्टवेअर), कडव्यांत शब्द मोजके. विषय गेलेल्या मित्राचा आहे, म्हणून तर जास्त लागलं. एवढ्या जवळच्या गोष्टीवर याला एवढंच सुचलं?

आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटात सरळ दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात विकला गेला, अर्धे म्हणतात आजवरचं सगळ्यात प्रामाणिक गाणं. धाकटा भाऊ दुसऱ्या तटात. तो म्हणाला, "ताई, तू गाणं वाचतेस. एकदा ऐक की." ते मनात रुतून बसलंय.

अशा गाण्याला किती वेळ द्यावा? कान कुठे लावावा? आणि कान तयार व्हायला आणखी काय ऐकू?

काळी_पाच

आधी एक सांगा, ऐकलंत कशावर? फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर अजून गाणं ऐकलेलंच नाही असं धरा.

हे हेटाळणीने म्हणत नाही, कारण शुद्ध भौतिक आहे. या धाटणीच्या गाण्यात खर्जाचा भार ८०८, म्हणजे त्या नावाच्या ड्रम-यंत्राचा घुमणारा ठोका, वाहतो. त्याचा मूळ सूर साधारण ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथवर उतरूच शकत नाही. तुमच्या कानावर येतात वरचे हाय-हॅट (झांजेचे बारीक ठोके), टाळी आणि आवाज. जमीन काढून घेतलेलं घर. मग रॅपर पोकळीत गुणगुणतोय असं वाटणारच. शब्द कमी ठेवलेत ते बऱ्याचदा त्या खर्जाला जागा द्यायला, आणि तोच गायब!

८०८ बद्दल थोडं, माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. रोलँडचं टीआर-८०८ हे यंत्र १९८० साली आलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून लोकांनी नाक मुरडलं आणि १९८३ पर्यंत ते बंदही झालं. मग सेकंडहँड स्वस्तात मिळू लागलं आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्या पोरांच्या हाती पडलं. त्याचा किक (खर्जातला मुख्य ठोका) लांबवता येतो, घुमत ठेवता येतो, पुढे सूर बदलून त्याचाच बेस करता येतो. ज्याला खोटा आवाज म्हणून हिणवलं, त्यावर रॅपच्या दोन-तीन पिढ्या उभ्या आहेत.

साधेसे का असेनात, कान झाकणारे हेडफोन घ्या. दिवा मालवून एकदा पूर्ण ऐका आणि मग इथे लिहा.

ठेका_सोडून

मी विरुद्ध बाजूने बोलतो. मीही हे सिंगल ऐकलंय (वर्णनावरून ओळखलं), चांगल्या हेडफोनवर, सहा वेळा. मला ते कच्चं वाटतं.

आवडलं नाही म्हणजे आपलाच कान अपुरा, हे ओझं श्रोत्याने का घ्यावं? नऊ वर्षं ऐकणाऱ्या माणसाची निराशा हीसुद्धा जाणकारी आहे.

गाणी आखूड का झाली तेही पाहा. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरली जाते. अडीच मिनिटांचं असो की सहा मिनिटांचं, मोजणी एकच. मग पहिल्या काही सेकंदांतच हुक येतो, दुसरं कडवं सोळाऐवजी बाराच बारांचं होतं, तिसरं नाहीच. या सिंगलमध्ये नेमकं हेच झालंय. दुःखाला घाई नसते आणि हे गाणं घाईत आहे. माझी तक्रार एवढीच, पण ती मोठी आहे.

काळी_पाच

@ठेका_सोडून, घाईचा मुद्दा मान्य, पण लांबी नेहमीच माध्यमाने ठरवलीय. शुगरहिल गँग या रॅप गटाचं १९७९ चं गाजलेलं सिंगल बारा इंची तबकडीवर होतं म्हणून त्याची मोठी आवृत्ती चौदा मिनिटांच्या वर जाऊ शकली. सात इंची तबकडीवर ते मावलंच नसतं. चौकट बाहेरून येते. आत काय भरलं त्यावर बोलू.

अनवट

मग आत काय भरलंय त्यावर बोलते. तुमच्या भावाचं वाक्य मला फार आवडलं.

रॅपमध्ये शब्द काय आहे याइतकंच तो *कुठे* पडतो याला मोल आहे. एक बार म्हणजे चार मात्रा. मांडीवर हाताने एक-दोन-तीन-चार धरा. हाय-हॅटची घाई ऐकून चाल वेगवान वाटेल, त्याच्या मागे जाऊ नका. टाळी तिसऱ्या मात्रेवर पडतेय ती पकडा. अशा चाली कागदावर मिनिटाला १४० ठोक्यांच्या असल्या तरी अंगाला ७० च्याच लागतात. ती संथ मोजणी सापडली की आता दुसऱ्या कडव्यावर या.

चौथ्या बारच्या शेवटी सगळं वाजणं थांबतं. किक नाही, टाळी नाही. तेवढ्यात एक श्वास ऐकू येतो. सहसा मिक्स करताना असे श्वास कापतात किंवा दाबतात, इथे तो पुढे आणून ठेवलाय. कान म्हणतो, आता समेवर ओळ येणार. सम येते आणि रिकामी जाते. ओळ सुरू होते दुसऱ्या मात्रेवर, एक मात्रा उशिरा, आणि सगळा बार ती तो उशीर भरून काढायला धावते. यमकाचा शब्द बरोबर तिथे पडतो जिथे ८०८ परत येतो.

मित्राच्या शेवटच्या फोनला उत्तर द्यायला उशीर झाला, हे त्या ओळीत सांगितलंय. आणि ओळ स्वतः उशिरा आलीय. मला हे पाचव्यांदा ऐकताना कळलं आणि मी जिथे होते तिथेच बसून राहिले.

कागदावर उतरवलेल्या शब्दांत यातलं काही दिसणार नाही. वहीत ती ओळ अगदी साधी दिसते.

कान तयार करायला दोन नावं. पहिलं रॅपर रकिम. डीजे एरिक बी.सोबत १९८७ साली त्याचा पहिला अल्बम आला. तो सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॅझ सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनचा त्याच्यावर प्रभाव होता. ओळ बारच्या कुंपणावरून पलीकडे कशी ओतायची हे त्याच्याकडे ऐका. दुसरं जे डिला, तो मुख्यतः निर्माता, म्हणजे रॅपखालचे ठोके रचणारा. त्याचे ठोके यंत्राच्या नेमक्या रेघेवर न बसता किंचित मागेपुढे डुलतात. त्याचं एमपीसी हे ठोके रचायचं यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दोन आठवडे हे दोघंच ऐका. उशीर आणि चूक यातला फरक आपोआप कळू लागतो.

मध्यलय

सगळ्यांचे मनापासून आभार. काळी_पाच, बरोबर ओळखलंत. फोनच्या स्पीकरवरच ऐकलं, तेही कामं उरकता उरकता. आणि आणखी एक कबूल करते: शेवटपर्यंत एकदाही ऐकलं नाही. तिसऱ्यांदा हुक सुरू झाला की बंद करत होते.

अनवट, दुसऱ्या कडव्याची ती जागा मला नुसती फट वाटली होती. आज रात्री मांडीवर ताल धरून बसते.

पानावरचा_थेंब

एक छोटी सूचना. शब्द वाचायचे असतील तर पहिल्या आठवड्यात संकेतस्थळांवर जे मिळतात ते बहुतेक श्रोत्यांनीच कानाने उतरवलेले असतात. या गाण्याच्या पहिल्या कडव्यातली एक ओळ सगळीकडे चुकीची फिरतेय आणि तिच्यावरूनच निम्मी भांडणं चाललीत. रॅपरच्या अधिकृत व्हिडिओखालची ओळ वेगळी आहे आणि अर्थ जवळजवळ उलटा होतो.

रानवारा

ऑटोट्यूनवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. "ऑटोट्यून लावला म्हणजे आळशीपणा" हे ऐकून मला दरवेळी त्रास होतो.

अँटारेस कंपनीने ते १९९७ साली आणलं. बनवणारे अँडी हिल्डब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदी उलगडायचं काम करायचे. तेच गणित त्यांनी आवाजाला लावलं. सूर किती वेगाने जागेवर आणायचा हे त्यात ठरवता येतं. वेग मंद ठेवला तर कुणाला कळतही नाही. वेग शेवटच्या टोकाला नेला की आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर पायऱ्या उतरल्यासारखा जातो, मधली मींड नाहीशी होते. या सिंगलमध्ये तो टोकाला नेलाय. लपवायचं असतं तर असा नेला नसता. लोकांनी तो ऐकावा अशीच इच्छा आहे.

रॅपर कान्ये वेस्टने आई गेल्यानंतर, २००८ साली, अख्खा अल्बम ऑटोट्यूनमध्ये गाऊन काढला, तोही ८०८ च्या ठोक्यांवर. तेव्हाही जुन्या चाहत्यांनी असंच विचारलं होतं, रॅप कुठे गेला? पुढे त्या वाटेवरून किती जण चालले ते आपल्यासमोर आहे. माणूस रडतोय आणि यंत्र त्याचा आवाज सरळ करतंय, या ताणात मला फार करुण काही ऐकू येतं.

आता हुकबद्दल. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं नाही म्हणालात ना? कृपा करून ऐका. हुक चार वेळा येतो. तीनदा ऑटोट्यूनसह. चौथ्यांदा तो काढून घेतलाय. कोरडा, उघडा आवाज, दुसऱ्या शब्दावर किंचित उतरलेला, आणि तो तसाच ठेवलाय. चार शब्द तेच आहेत. मला तो माणूस पहिल्यांदा तिथे भेटला.

ठेका_सोडून

रानवारा, चौथा हुक मला माहीत आहे आणि तो सुंदर आहे, हे खुल्या मनाने मान्य करतो. अनवट यांनी सांगितलेली जागा मात्र माझ्या कानातून खरंच निसटली होती. परत जाऊन ऐकली. ती अस्सल आहे.

पण माझं मत बदललं नाही. शेवटच्या वीस सेकंदांसाठी आणि एका बारसाठी मी उरलेलं गाणं माफ करू का? पहिल्या कडव्यात तीन ओळी अशा आहेत ज्या कुणाच्याही गाण्यात चालल्या असत्या. हाच माणूस गेलेल्या माणसाच्या खिशातल्या वस्तू मोजून अख्खं कडवं उभं करायचा. तपशील हीच त्याची ताकद होती. इथे मित्राचं बोलणं कसं होतं, हसणं कसं होतं, काहीच कळत नाही. मला तो मित्र हवा होता.

मध्यलय, तुम्हाला माझा सल्ला असा: शेवटपर्यंत ऐका, तीनदा ऐका, आणि तरी नाही पटलं तर निर्धास्त नाही म्हणा. अल्बम येईल तेव्हा हेच गाणं आगेमागे काय आहे त्यावरून वेगळं लागू शकतं. सिंगल म्हणजे खिडकीतून दिसणारी एकच खोली.

शब्दांचीच भूक असेल तर रॅपर एमएफ डूम ऐका. ओळीतलं प्रत्येक अक्षर यमकात गुंतवूनही तो मजेत चालतो. केंड्रिक लमारकडे कडवं आणि कथा दोन्ही आहेत. २०१८ साली त्याला संगीताचं पुलित्झर मिळालं, शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर ते पहिल्यांदाच गेलं.

अनवट

"मला तो मित्र हवा होता" या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. ही तक्रार रास्त आहे.

अवांतर: गाणं आणि रॅप एकाच गळ्यात कसे नांदतात ते ऐकायचं तर लॉरिन हिल. १९९९ साली तिच्या अल्बमला ग्रॅमीचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला, हिप-हॉपला तो पहिल्यांदाच मिळाला. सुरात गेलं म्हणजे रॅप सोडलं, हा समज तिच्यापाशी टिकत नाही.

मध्यलय

चार दिवसांनी लिहितेय.

भावाकडून हेडफोन मागितले. त्याने दिले नाहीत, म्हणाला, "माझ्यासोबत ऐक." मग एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. काळी_पाच, खर्ज अर्धाच मिळाला असेल, पण मिळाला. पहिला किक पडला तेव्हा मला कळलं की मी आतापर्यंत वेगळंच काहीतरी ऐकत होते.

दुसऱ्या कडव्याला मी मांडीवर ताल धरला होता. तो श्वास आला. समेवर माझा हात पडला आणि तिथे कुणीच नव्हतं. अनवट, तुम्ही आधी सांगितलेलं असूनही पोटात खड्डा पडला. भावाने माझ्या हाताकडे बघितलं, बोलला काहीच नाही.

चौथ्या हुकपर्यंत पहिल्यांदाच पोचले. भाऊ म्हणतो, तीच ओळ परत परत येते कारण तो परत परत तोच नंबर लावतोय. चौथ्यांदा फोन कुणी उचलणार नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून आवाज नीट करायची गरज उरत नाही. हे मला वहीत कधी सापडलं नसतं.

तरी पहिलं कडवं मला अजून पटत नाही, आणि ठेका_सोडून यांच्याच कारणासाठी. तीन ओळी मीही खुणावून ठेवल्यात, बहुतेक त्याच असाव्यात. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "हां, त्या मलाही नाही आवडत." मला वाटलं होतं तो भांडेल.

आता आमचं रोज रात्री एक ठरलंय, एक दिवस त्याच्या आवडीचं, एक दिवस माझ्या. रकिमपासून सुरुवात केली. डिलाचं कुठून सुरू करू? नुसते ठोके ऐकू की त्यावर कुणी रॅप केलेलं आधी ऐकू?

अनवट

आधी नुसते ठोके. मांडीवर हात ठेवूनच.