विशीच्या आत दुर्बिणीचं ऑपरेशन?

डिचोलीकर: एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) म्हणून अठरा-वीस वर्षांच्या मुलींच्या पोटात दुर्बीण घालायची फॅशन झाली आहे. लग्न झालं, मूल झालं की पोटदुखी आपोआप जाते. आमच्या आयांनी काय ऑपरेशनं केली होती?

पेडण्याची: शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. तुमच्या आईला कधी विचारलंत, तिला किती दुखायचं? मी 14 व्या वर्षापासून पाळीच्या पहिल्या दिवशी न्हाणीघराच्या लादीवर गाल टेकून पडायचे, ती थंड लागायची म्हणून. म्हापशाला कॉलेजात जाताना कदंबाच्या बसमधून उतरून रस्त्याकडेला ओकले आहे. ओवा झाला, गरम पाण्याची पिशवी झाली, ‘सगळ्यांनाच दुखतं गो’ तर रोजचंच. तीन सोनोग्राफ्या नॉर्मल आल्या. पोटाच्या आतल्या अस्तरावरचे बारीक डाग सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत, हे आठ वर्षांत कोणी सांगितलं नाही. 22 व्या वर्षी दुर्बीण घातली तेव्हा आतडं गर्भाशयाला मागून चिकटलेलं निघालं. मूल झाल्यावर जातं म्हणता? गरोदरपणी पाळी थांबते म्हणून बऱ्याच जणींना बरं वाटतं, नंतर दुखणं परत येऊ शकतं. लग्न हे औषध नव्हे.

मडगावची: तुझं बरं झालं, आनंद आहे. माझंही ऐक. 21 व्या वर्षी डाव्या ओव्हरीतली चॉकलेट सिस्ट, म्हणजे याच आजाराची जुन्या रक्ताने भरलेली गाठ, काढली. ‘प्रश्न मिटला’ म्हणाले, पुढे एक गोळी लिहून दिली नाही. तीन वर्षांत तिथेच दुसरी. दुसऱ्या ऑपरेशननंतर एएमएच (अंडी किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) फक्त 0.8, म्हणजे कमी. सिस्टची भिंत सोलताना चांगली अंडीही जातात, हे सही घेताना कोणी बोललं नाही. आज 29 ची आहे आणि आयव्हीएफच्या फेऱ्या मारतेय. डिचोलीकरांची भाषा चीड आणणारी आहे, पण घाई नको हे मला पटतं.

थिएटर नर्स: ऑपरेशन म्हणजे सगळं एकच नसतं. डाग वरवर जाळणं वेगळं, मुळापासून कापून काढणं वेगळं. पुढे हॉर्मोनच्या गोळ्या चालू ठेवल्या तर परत यायची शक्यता कमी होते. 2022 च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनुसार नुसतं निदानासाठी दुर्बीण घातलीच पाहिजे असंही नाही. आधी गोळ्या देऊन बघता येतं.

वाळपईची आई: कोवळ्या मुलीला हॉर्मोन? मी नाही देणार. हाडं ठिसूळ होतात, पुढे मूल राहत नाही.

पेडण्याची: काकी, चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायच्या आधी घराघरात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या येतात ना? ते नॉरएथिस्टेरॉन. हॉर्मोनच. तेच एंडोमेट्रिओसिसवरही देतात. देवासाठी चालतं, पोरीच्या दुखण्यासाठी चालत नाही?

डिचोलीकर: चवथीला मध्ये आणू नका. सोवळं ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

मडगावची: आणणारच! पहिल्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते, चवथ आली, पाळी आली. दीड दिवस मागच्या खोलीत बसवलं. नेवऱ्या तळल्याचा वास येत होता आणि मी पोट धरून पडले होते. पुढच्या वर्षी न विचारता माझ्या हातावर गोळी ठेवली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत, घरच्यांनी दिल्या, त्याही गणपतीसाठी.

डिचोलीकर: तुमच्या घरच्यांचा राग माझ्यावर का?

पेडण्याची: कारण तुम्हीच वर लिहिलंत, लग्न करा म्हणजे जाईल.

डिचोलीकर: बरं, ते वाक्य मागे घेतो. ऑपरेशनबद्दलचं मत तेच आहे.

थिएटर नर्स: काकी, हाडांची काळजी खरी आहे. कोवळ्या वयात डायनोजेस्टसारख्या हॉर्मोनच्या गोळ्या लांबवर द्यायच्या तर डॉक्टर हाडांचा विचार करतात. मूल राहत नाही हे मात्र चूक. गोळ्या थांबल्या की पाळी परत सुरू होते.

वाळपईची आई: चवथीच्या गोळ्या मीही दिल्यात. धाकटीला, दहावीत होती तेव्हा. हे हॉर्मोन आहे असं मनातही आलं नाही. आता 17 ची आहे, दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडतं आणि मी तिला नाटकं करू नको म्हणते. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, न्यायची तर सोबत काय न्यायचं?

थिएटर नर्स: एक वही. पाळीच्या तारखा, किती गोळ्या लागल्या, त्या दिवसांत शौचाला-लघवीला दुखतं का. तिलाच लिहू द्या.