मदत हवी आहे: गाडीच्या कामासाठी चाकांचा हत्यार-ट्रे घरीच बनवायचा आहे

नमस्कार मंडळी,

वडिलांची मारुती ८०० अजून रोज रस्त्यावर असते. ऑइल-फिल्टर, प्लग, पुढचे ब्रेक पॅड, मागचे शू ही कामं मी पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो. कामापेक्षा जास्त वेळ हत्यारं शोधण्यात जातो. या गाडीला १०, १२, १४ आणि १७ हे चार पाने सतत लागतात, आणि हवा असलेला नेमका गाडीच्या पलीकडच्या बाजूला राहिलेला असतो. एका चाकाचं काम झालं की सगळा पसारा उचलून दुसऱ्या चाकाशी मांडायचा. ब्रेक शूची एखादी पिन घरंगळत पाण्याच्या जाळीत गेली, तर गाडी जॅकवर ठेवून सुट्या भागांसाठी नाना पेठ गाठायची.

म्हणून बसल्या बसल्या पायाने सरकवता येईल असा ट्रे करायचा आहे. तयार मिळतात त्यांची चाकं अगदी लहान असतात. गुळगुळीत फरशीवर ती चालतील, पण आमच्याकडे चेकर्ड टाइल्स आहेत, मधे खाचा आहेत आणि जाळीच्या दिशेने उतार आहे.

मनात आहे ते असं: २४ इंच लांब, १६ इंच रुंद, २ इंची काठ, खाली जड सामानासाठी एक फळी. पाने, सॉकेट सेट, हातोडी, पक्कड सगळं वजनकाट्यावर ठेवलं तर २२ किलो भरलं. माझ्याकडे ड्रिल मशिन, हॅकसॉ आणि पॉप रिवेटची गन आहे. वेल्डिंग येत नाही, पण कोपऱ्यावरचा ग्रिलवाला करून देईल.

अडलंय ते चाकांपाशी आणि पत्र्यापाशी. चाकं नायलॉनची घ्यावीत की रबराची, आणि किती इंची? ट्रे पत्र्याचा करावा की १८ मिमी प्लायला सनमायका लावावा? बसून चाकाचं काम आणि उभं राहून बॉनेटचं काम, दोन्ही एकाच ट्रेवर जमेल का? आणि बारीक नट, पिना, स्प्रिंगा जागच्या जागी राहतील असं काय करता येईल? ज्यांनी स्वतः केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. काम सुरू करण्याआधी सगळं नीट समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद

मी फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे. आधी चाकं ठरवा, बाकीचं मग ठरेल.

२ इंची चाक टाइलच्या खाचेत बसतं, ट्रे जागीच थांबतो आणि वरचे पाने तुमच्या मांडीवर येतात. किमान ३ इंची घ्या. नायलॉन टणक असतं, दणकट असतं, पण चेकर्ड टाइलवर इतका खडखडाट करतं की दुपारी वरच्या मजल्यावरून हाक येईल. साधं रबर ऑइल लागून लागून फुगतं आणि मऊ पडतं. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं चाक घ्या. आवाज कमी, ऑइलचाही त्रास नाही.

वजनाची काळजी करू नका. हिशोब मात्र तीन चाकांवर करा, कारण उंचसखल फरशीवर चारातली तीनच नीट टेकतात. ट्रे धरून ३५ किलो म्हटलं तरी एका चाकावर १२ किलोच्या आसपास येतात, आणि कुठलंही बरं ३ इंची चाक याच्या कितीतरी पट वजन सहज घेतं.

चारही फिरती, म्हणजे हव्या त्या दिशेला वळणारी घ्या, त्यातली दोन ब्रेकवाली. उतारावर ब्रेक हवाच. चाकांच्या प्लेटा अगदी कोपऱ्यात लावा, ८ मिमी बोल्ट आणि नायलॉक नट (आपोआप सैल न होणारे) वापरून. फिरतं चाक आतल्या बाजूला वळलं की टेकू आत सरकतो आणि १६ इंची पाया प्रत्यक्षात त्याहून अरुंद होतो. उंच ट्रॉल्या उलटतात त्या यामुळेच. म्हणून सॉकेट सेट आणि हातोडी खालच्या फळीवर ठेवा, वर फक्त हातात लागणारं.

दोन उंचींसाठी २५ मिमी चौकोनी पाइपात २० चा पाइप सरकवता येतो. पण बाहेरच्या पाइपाची जाडी १.६ असेल तर आत पावणेदोन मिमी मोकळीक राहते आणि ट्रे डुलतो. बाजूला भोक पाडून त्यावर नट वेल्ड करून घ्या, म्हणजे बोल्टने आवळता येईल. माझं मत विचाराल तर चाकाच्या कामाचा बुटका ट्रे आधी करा, १६ इंच उंचीचा. बॉनेटचं नंतर बघू.

प्रतिसाद

प्लाय की पत्रा यावर लिहितो. वजनात फरक नाही. १८ मिमी प्लायचा तेवढा तुकडा ३ किलोच्या जवळ जातो, आणि १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमी पत्रा काठांसकट साडेतीनच्या आत बसतो. खरा प्रश्न ब्रेक ऑइलचा आहे. डॉट ३ किंवा डॉट ४ चे थेंब पडले की रंग उचलून येतो. रंगवलेला ट्रे ब्रेकच्या कामाला टिकत नाही, आणि प्लायच्या कडेतून ऑइल आत मुरलं की ती कड फुगते. जी.आय. पत्रा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा घ्या, काठ दुमडून घ्या म्हणजे हात कापणार नाही, आणि रंगाच्या भानगडीत पडू नका. थेंब पडले तर पाण्याने धुऊन पुसा.

एक विनंती. जी.आय. पत्र्याला वेल्ड मारायला सांगू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. सांगाडा साध्या लोखंडाचा वेल्ड करून घ्या आणि पत्रा त्यावर रिवेटने बसवा. गन तुमच्याकडे आहेच.

प्रतिसाद

मी कोल्हापूरची. माझ्या स्कूटरच्या कामासाठी मोडक्या ऑफिस खुर्चीचा पाच पायांचा पाया वापरला आहे. सीटखालची लोखंडी प्लेट ठेवली आणि तिच्यावर ट्रे बोल्टने बसवला. ट्रे गोल फिरतो, दांडीने उंची थोडी वरखाली होते, पाच पाय असल्यामुळे तो सहसा कलंडत नाही. तुमच्याकडे रविवारी-बुधवारी जुना बाजार भरतो, तिथे किंवा भंगारवाल्याकडे बघा. चाकं मात्र लहान असतात, खाचांचा त्रास होईल. आणि मधला गॅसचा दंडगोल कापू नका, त्याला भोक पाडू नका, वेल्डिंग तर अजिबात नको. आत दाबाखाली गॅस असतो.

बारीक नटांसाठी जुन्या स्पीकरचं गोल चुंबक घ्या आणि स्टीलच्या वाटीच्या बुडाला बाहेरून चिकटवा. वाटी चुंबकाला न धरणाऱ्या स्टीलची हवी, स्वयंपाकघरातल्या बऱ्याच वाट्या तशाच असतात. अशा वाटीतून ओढ आरपार जाते आणि पिना, स्प्रिंगा तळाला चिकटून बसतात. लोखंडी पत्र्याखाली तेच चुंबक लावलं तर बरीचशी ओढ पत्राच खातो. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि बेअरिंग त्या वाटीपासून लांब ठेवा, नाहीतर त्यांच्यातही चुंबकत्व येतं आणि त्यांना लोखंडाचा बारीक कीस चिकटत राहतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी बुटकाच करतो. ३ इंची पीयू चाकं, दोन ब्रेकवाली, २५ मिमी पाइपचा सांगाडा, वर जी.आय. पत्रा रिवेटने. ताई, चुंबकाच्या वाट्या दोन करतो, डाव्या-उजव्या चाकाचं सामान वेगळं राहील. खुर्चीचा पाया बॉनेटच्या कामासाठी डोक्यात ठेवला आहे.

एकच शंका उरली. खालची फळी जमिनीपासून किती वर घ्यावी? चाक प्लेटसकट ४ इंचाच्या आसपास भरेल. फळी लगेच त्याच्यावर घेतली तर वजन खाली राहील, पण जॅकचा दांडा तिच्याखालून जायला हवा. ग्रिलवाल्याकडे शनिवारी जायचं आहे, त्याआधी कोणी आपल्या ट्रेचं माप टाकलं तर फार मदत होईल.