‘खरखरली की मारा फवारा’ म्हणणाऱ्यांनो, आधी मोटर उघडून बघा

सड्यावरचा पंखा (रत्नागिरी):
परवा आपल्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं की कोकणातली हवा खारी, म्हणून दर रविवारी उडवून झालं की रिमोटच्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरच्या मोटरमध्ये डब्ल्यूडी-४० या गंजरोधक तेलाचा फवारा मारायचा, मग मोटरकडे आयुष्यभर बघावं लागत नाही. खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय. ‘आयुष्यभर’ हे तसं खरंच आहे. मोटरचं आयुष्यच तेवढं उरतं.

ब्रशवाल्या छोट्या मोटरला तेल लागतं ते दोन टोकांच्या बुशना. बस्स. बुश (मोटरचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यात फिरतो ती नळी) असतो सच्छिद्र ब्राँझचा, त्यात तेल कारखान्यातच मुरवलेलं. फवारा ते मुरलेलं तेल धुऊन काढतो, त्यातला द्राव उडून जातो आणि मागे उरतो नावापुरता पापुद्रा. वर तो कम्युटेटरवरही जातो, म्हणजे ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बन ब्रश घासून वीज आत देतात तिथे. कार्बन ब्रशची पूड त्यात कालवली जाते आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटींत काळा गाळ बसतो. मग मोटर तापते, बॅटरी भसाभस संपते आणि आपण म्हणतो, चायना माल!

शिलाई मशीनचं तेल घ्या. सुईच्या टोकावर थेंब घेऊन शाफ्ट जिथे बुशमध्ये शिरतो तिथे टेकवा. थेंब आपोआप आत ओढला जातो. शाफ्ट बोटांनी फिरवा, वर येईल ते टिपून घ्या. दुसरा थेंब नको.

ब्रशलेसला, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरला, बॉल बेअरिंग, तिथेही थेंबच. पण तिथला खरा शत्रू काळी वाळू. काळबादेवी, मिऱ्या, भाट्ये, ओहोटीला किनाऱ्यावर जी काळी झाक दिसते ती इल्मेनाइट-मॅग्नेटाइटची. हेलिकॉप्टर उतरताना ती उडते आणि थेट चुंबकांना जाऊन चिकटते. सर्क्लिप (शाफ्टवरची बारीक स्प्रिंगची कडी) काढून वरची घंटी, म्हणजे चुंबकं बसवलेली फिरती टोपी, ओढून बघा, चुंबकांच्या कडांना मिशा फुटलेल्या दिसतील. फुंकून किंवा पंपाने हवा मारून ती हटत नाही. काडीला चिकटपट्टी उलटी गुंडाळून टिपावी लागते. त्या मिशांवर तुम्ही तेल फवारता, काका.

देवगडी रोटर:
ते काका म्हणजे मी. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं. डब्ल्यूडी-४० निघालं १९५३ साली, अमेरिकेत, आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं. क्षेपणास्त्राला चालतं ते तुमच्या खेळण्याला चालत नाही? माझी मोटर अजून फिरतेय. तुमची ‘थेंब-थेंब’वाली गेल्या पावसात जाम झाली होती, हेही इथे सांगा ना.

सड्यावरचा पंखा:
क्षेपणास्त्र एकदाच उडतं हो! आणि त्याच्या पत्र्याला कम्युटेटर नसतो. माझी मोटर जाम झाली कारण ती मी दुसऱ्याला दिली होती आणि त्याने ती जूनभर पडवीत ठेवली.

वेंगुर्ल्याची वैदेही:
दोघेही मिठाबद्दल बोलतच नाही आहात. खारं मोटरमध्ये सुकलं की ते पेट्रोलने जात नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जवळजवळ जात नाही, तेलाने तर मुळीच नाही. मीठ विरघळतं पाण्यात. मी ब्रशलेस मोटर सरळ पाण्यात घोळवते. विहिरीचं नाही, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. मग अल्कोहोलमध्ये बुचकळून पाणी हटवायचं, पंख्याखाली सुकवायचं आणि लगेच बेअरिंगला तेल. लगेच म्हणजे लगेच, नाहीतर संध्याकाळपर्यंत तांबूस दिसायला लागतं.

सड्यावरचा पंखा:
पाण्यात?! मोटर?

वेंगुर्ल्याची वैदेही:
ब्रशलेसमध्ये आत आहे काय? लाखेचा थर दिलेली तार, लोखंडी पत्र्या, चुंबक. वीज जोडलेली नसताना पाणी काय करणार? रेसिंग गाड्यावाले तर ब्रश बसवायला ब्रशवाली मोटर कमी व्होल्टवर पाण्यात चालवतात. जरा वाचत जा.

गुहागरी नारळ:
एवढा खटाटोप कशाला? आमच्या आज्याने भिंतीवरच्या घड्याळाला जन्मभर खोबरेल घातलं.

वेंगुर्ल्याची वैदेही:
खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, भाऊ. जानेवारीच्या पहाटे उडवून दाखवा. आणि खवट झालं की डिंक. घड्याळाचं आणि हजारो फेऱ्यांच्या मोटरचं काय नातं?

डोंबिवली-टू-कणकवली:
मुळात वाळूत उडवायचंच कशाला? सड्यावर जा, कातळाच्या पठारावर. मोकळं मैदान, वाळू नाही, मीठ कमी. मे महिन्यात गावी आलो की मी तिथेच उडवतो.

चिरेखाणीचा शेजारी:
कुठला सडा म्हणता? आमच्याकडचा अर्धा चिरेखाणीने पोखरला, उरलेल्याला कलमांची कुंपणं, आणि रस्त्यालगतचे प्लॉट तुमच्यासारख्यांनीच घेऊन ठेवलेत. वर्षातून पंधरा दिवस यायचं आणि मोकळं मैदान शिकवायचं! आणि जांभ्याची तांबडी धूळ काय कमी आहे? लोखंडच ते. झेडझेड बेअरिंगच्या पत्र्याच्या झाकणाला फट असते, तिथून ती बरोबर आत जाते.

डोंबिवली-टू-कणकवली:
प्लॉट विकणारे कोण होते, तेही लिहा. आम्ही बंदूक लावली नव्हती.

मालवणी म्हातारो:
रे झिला, इकणारो आणि घेणारो दोघव शाणे, खड्ड्यात गेलो तो सडो.

चिरेखाणीचा शेजारी:
आणि गेल्या सुट्टीत उक्षीच्या कातळशिल्पावर हेलिकॉप्टर उतरवून फोटो काढणारे कोण होते? कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. यांना तो हेलिपॅड वाटतो.

डोंबिवली-टू-कणकवली:
मी नव्हतो. प्रत्येक चाकरमान्याला एकाच काठीने हाकू नका. गणपतीत तुमच्या वाडीचा मंडप आमच्याच वर्गणीवर उभा राहतो.

चिरेखाणीचा शेजारी:
आली वर्गणी! वाटच बघत होतो.

देवगडी रोटर:
धागा मोटरचा आहे, जमीन-मोजणीचा नाही. वैदेहीताई, पाण्याचं पटलं. मिठाचं मी बोललोच होतो, फक्त उपाय वेगळा.

सड्यावरचा पंखा:
बरं. ब्रशलेसपुरतं पाणी मान्य, सुकवायची शिस्त असेल तर. शिस्त किती जणांकडे असते ते श्रावणात बघू. आणि सुकवायला कोणी ओव्हनमध्ये घालू नका. साधी नियोडिमियम चुंबकं ८० अंशांच्या पुढे गेली की जोर कायमचा जातो.

देवगडी रोटर:
म्हणजे फवारा अगदीच फेकून देऊ?

सड्यावरचा पंखा:
गेटच्या बिजागरीला मारा. तिथे उत्तम.

गुहागरी नारळ:
माझी सर्क्लिप काढताना उडाली. तासभर शोधतोय. कुठे मिळेल?

वेंगुर्ल्याची वैदेही:
रत्नागिरीत मिळणार नाही, मागवावी लागेल. क्लिपपेक्षा कुरिअर महाग पडेल, म्हणून चार-पाच एकदम मागवा. पुढच्या वेळी मोटर आणि दोन्ही हात पारदर्शक पिशवीत घालून क्लिप काढा.

चिरेखाणीचा शेजारी:
कुरिअरचं नावच काढू नका. आमचा पिन कोड टाकला की ‘येथे सेवा उपलब्ध नाही’.

डोंबिवली-टू-कणकवली:
माझ्या पत्त्यावर मागवा. गणपतीला येताना घेऊन येतो.

चिरेखाणीचा शेजारी:
…मोटरसाठी ‘टू-आरएस’ बेअरिंग पण आणा. रबरी झाकणाची. पैसे पोचल्यावर.