मदत हवी आहे: कच्छमध्ये ग्रे हिपोकोलियस हा पक्षी शोधायचा आहे, फुलाय गावात कुठे आणि कधी थांबावं?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत पुण्याहून गाडीने कच्छला निघतोय. बडोदा, अहमदाबाद, सुरजबारीचा पूल, भुज असा नेहमीचाच रस्ता. पुढचा मुक्काम नखत्राणा किंवा मोटी विराणीला करावा म्हणतोय, कारण ही सगळी सहल एका पक्ष्यासाठी आखली आहे.

बाबा अलिबागकडचे. सलीम अलींनी १९३० साली किहीमला हिपोकोलियस नोंदवला होता, हे त्यांनी तरुणपणी वाचलं आणि तेव्हापासून हा पक्षी त्यांच्या मनात घर करून आहे. किहीमला आलेला तो वाट चुकलेला पाहुणा, कोकणात त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. इराक-इराणच्या बाजूला वीण करणारे हे पक्षी हिवाळ्यात बहुतेक अरबस्तानात उतरतात, आणि थोडे कच्छपर्यंत येतात. आपल्या देशात त्यांना शोधायचं तर छारी ढंढ या पाणथळ जागेजवळचं फुलाय हेच नाव सगळे घेतात. बाबांच्या गुडघ्यांचं दुखणं वाढत चाललंय, त्यामुळे पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही असं ठरवलंय.

आता अडचण सांगतो. हा पक्षी पिलू नावाच्या झुडपांत फळं खात आत दडून बसतो, तासन् तास हलत नाही, आणि सकाळच्या उन्हात थोडा वेळ टोकावर येतो, असं वाचलंय. पण फुलायच्या आसपास पिलू, बाभूळ आणि गांडो बावळ (वेडी बाभूळ) यांची झुडपं दूरवर पसरलेली आहेत. बाबांना फार तर पाच-दहा मिनिटं चालता येतं, तेही सपाट जमिनीवर. गाडी रस्त्याला लावून जवळच फोल्डिंग खुर्ची टाकून बसता येईल, अशी पिलूची जागा आहे का? आणि नक्की किती वाजता पोचावं? उजाडायच्या आधीच तिथे असणं गरजेचं, की ऊन तापायला लागल्यावर पक्षी वर येतात? संध्याकाळी पुन्हा प्रयत्न करण्यात काही हशील आहे का?

ओळखण्याबद्दलही विचारायचं आहे. नर कळेल असं वाटतं: फिकट राखाडी अंग, डोळ्यांवरून मागे जाणारी काळी पट्टी, लांब शेपटीचं टोक काळं, उडताना काळ्या पंखांची पांढरी टोकं. मादीला मात्र ती काळी पट्टी नसते, रंगही मातकट. त्याच झुडपांत सातभाई आणि बुलबुल असणारच. पाठमोरी मादी झुडपात बसलेली असेल तर तुम्ही कशावरून ओळखता? आवाजावरून काही अंदाज येतो का? (मोबाइलवर त्याची साद वाजवून बोलवायचं नाही, हे आमचं पक्कं आहे. इतक्या लांबून थंडी काढायला आलेल्या पक्ष्याला खाणं सोडायला लावणं बाबांना अजिबात पटत नाही, मलाही नाही. तो सल्ला कृपया नको.)

गाडी साधी हॅचबॅक आहे. फुलायपर्यंत डांबरी रस्ता आहे का, आणि तिथून छारी ढंढकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर ती चालेल, की स्थानिक जीप घ्यावी? क्रौंचांचे थवे पाहायला एक संध्याकाळ तिकडे द्यायची इच्छा आहे. वनखात्याची परवानगी जागेवरच मिळते, की नखत्राण्यातून आधी काढावी लागते? स्थानिक वाटाड्या घ्यायला आमची पूर्ण तयारी आहे, उलट तेच बरं. वडीलधाऱ्या माणसाला घाई न करणारा कुणी माहीत असेल तर सुचवा.

या हिवाळ्यात कुणाला पक्षी दिसला असेल तर साधारण तारीख आणि किती पक्षी होते एवढं जरूर लिहा. पिलूला फळं धरली आहेत की नाही, तेही. नेमकं झुडूप उघडपणे सांगणं योग्य वाटत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल, ती जागा आम्ही पुढे कुणाला देणार नाही.